डाव संपवण्याची जबाबदारी कोणाची?

कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. आमच्या मंगरूळपीरकडे ही चाल नाही. आमची दिवाळी उटण्यावरून थेट करंजीवरच जाते. म्हणून ‘काहीतरी घरगुती, मुलाबाळांविषयी लिहा’ असे संपादकांनी कळवले, तेव्हा मी ठरवले की यंदा कारीट आपणच फोडायचे. ज्यांना कडू सोसत नसेल त्यांनी खुशाल पाने उलटून चिवड्याच्या कृतीकडे वळावे.

विषय मुलांच्या मोबाईलवरच्या खेळांचा आहे. दचकू नका, मी आईबापांना उपदेश करणार नाही. तो धंदा आता पुष्कळांनी पत्करला आहे. स्नेहसंमेलनाला कोणी तरी पाहुणा येतो, शाल-नारळ घेतो आणि समोर बसलेल्या बायांना अर्धा तास झापतो. स्वयंपाकाच्या वेळी पोराच्या हाती मोबाईल कोण देते? तुम्ही! मालिका कोण बघते? तुम्ही! बाया बिचाऱ्या पदर सावरीत ऐकून घेतात. भाषण संपले की पाहुणे खुर्चीवर बसतात आणि खिशातून स्वतःचा मोबाईल काढतात. माझे भांडण त्या बायांशी नाही आणि मुलांशी तर मुळीच नाही. एका घरातली भाकर करपली तर सुगरणीला बोल लावावा. गल्लीतल्या सगळ्याच घरांत रोज संध्याकाळी करपू लागली, तर तवा कोणी घडवला हे विचारायला हवे. माझे भांडण त्या तवा घडवणाऱ्यांशी, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपन्यांशी आहे.

आमच्या शाळेत एक बाई आल्या होत्या. मुलगा आठवीत. त्या म्हणाल्या, “मास्तर, थो जेवाले उठतच नाही. हाका मारू मारू माहा घसा बसला. म्हन्ते, आता उठलो तं बाकीचे तिघं मरतीन.”

मी हसलो नाही, कारण मुलगा अक्षरशः खरे बोलत होता. चौघांची टोळी करून ते रणांगणावर उतरतात. एक डाव पंचवीस-तीस मिनिटे चालतो. तो मध्ये थांबवता येत नाही. एक गडी उठला तर उरलेले तिघे उघड्यावर पडतात, हरतात, क्रमवारीतले गुण घटतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्या उठणाऱ्याचा उद्धार होतो. म्हणजे एका बाजूला ताटावर खोळंबलेली आई आणि दुसऱ्या बाजूला मैत्रीचे इमान, असा पेच तेरा वर्षांच्या पोरापुढे रोज टाकलेला असतो. मोठमोठ्या नाटकांतल्या नायकांना असे पेच सुटत नाहीत. आणि बाहेरून आपण काय म्हणतो? पोरगं उद्धट झालं.

हा पेच आपोआप पडलेला नाही, तो कोणी तरी टेबलाशी बसून बेतलेला आहे. ‘डाव जिथे आहे तिथे थांबव, गडी जेवून येतोय’ अशी सोय सगळ्या खेळांत नसली तरी, उठणाऱ्याची जागा तात्पुरती यंत्राने भरून काढणे, त्याचे गुण न कापणे, ‘आईने हाक मारली’ असे एक बटण ठेवणे यांतले काही अशक्य आहे, असे मला कोणी पटवू नये. ज्यांना बंदुकीच्या नळीतून निघणारा धूर वाऱ्याच्या दिशेने वळवता येतो, त्यांना हे जमत नाही?

आपले जुने खेळ फार सात्त्विक होते, असे गळे काढणाऱ्यांतला मी नव्हे. दिवाळीत पत्त्यांवर पैसे लावणारे घराघरांत होते आणि आहेत. द्यूतात तर धर्मराजही उठू शकला नाही. ‘आणखी एक डाव’ या तीन शब्दांनी राज्य, भाऊ आणि बायको गेली. तेव्हा मोह नवा नाही. पण आट्यापाट्यांना अंधार हा शेवट होता. गोट्यांना खिसा रिकामा होणे हा शेवट होता. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला तो मोक्षपट घ्या. सापाने कितीदा गिळले तरी शेवटच्या घरात पोचल्यावर सोंगटी उचलून पट गुंडाळावाच लागे. तिथे पोचलेल्याला ‘उद्या सकाळी पुन्हा या, मोक्षावर मोक्ष फुकट’ असे कोणी सांगत नसे.

आजच्या खेळांतून नेमका हा शेवट काढून टाकलेला आहे. रोज हजेरी लावली तर रोज भेट. सात दिवस सलग आलात तर सातव्या दिवशी मोठी भेट. एक दिवस चुकला, आजी वारली म्हणून असो की परीक्षा होती म्हणून असो, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वर दर दोन-चार महिन्यांनी नवा ‘सीझन’. म्हणजे मागची सारी कमाई जुनी, पुन्हा चढायला लागा. आमच्या शाळेच्या हजेरीपटात इतका जाच असता तर शिक्षणाधिकाऱ्यांनी आम्हांला कधीच निलंबित केले असते.

मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे गुंतवून ठेवण्याचा धंदा मला परका नाही. प्रकरणाच्या शेवटी नायिकेला विहिरीच्या काठावर उभी करून ‘क्रमशः’ लिहिण्याची चलाखी आम्हीही करतो. पण रात्री अकराला वाचक झोपला असता त्याचे पांघरूण ओढून ‘नायिका तुझी वाट पाहते आहे’ असे सांगायला कोणी कादंबरीकार गेल्याचे ऐकिवात नाही. आणि कितीही रडतखडत चालली तरी कादंबरीला ‘समाप्त’ लिहावेच लागते.

पेटीचे प्रकरण तर याहून वाईट. आमच्या बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेत रिंग फेकून वस्तू जिंकण्याची दुकाने लागतात. साबणाच्या वडीवर रिंग पडते, घड्याळावर पडत नाही, हे लहान पोरालाही दोन-चार फेऱ्यांत उमगते. खिशातले वीस रुपये संपले की ते निघून जाते. यात्रा पांगली की दुकानदारही बाडबिस्तरा उचलतो. मोबाईलमधला दुकानदार मात्र पोराच्या उशीखाली मुक्कामाला असतो. तो रुपये घेत नाही, आधी ‘डायमंड’ घ्यायला लावतो, म्हणजे किती गेले याचा हिशेब डोक्यात राहू नये. मग त्या हिऱ्यांनी चक्र फिरवायचे, पेटी उघडायची. आत काय निघेल हे नशिबावर. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना सरळ जुगार म्हटले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले, ते चांगलेच केले. पण ज्या पेटीतून पैसे निघत नाहीत, नुसता रंगीत सदरा निघतो, तिचे काय? तिथे पोराचे पैसे जातात ते खरे असतात आणि परत येते ते चित्र असते.

आता कंपन्यांचे म्हणणे ऐकू. त्या म्हणतात, आम्ही पालकांच्या हाती सगळ्या किल्ल्या दिल्या आहेत. या किल्ल्यांचा एक मासला पाहा. पबजी हा खेळ सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंद केला. २०२१ च्या जुलैत तोच खेळ दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने बीजीएमआय या नावाने भारतासाठी पुन्हा आणला, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी तीन बंधने जाहीर केली. पालकांच्या फोनवर येणारा ओटीपी, दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि दिवसाला सात हजार रुपयांची खर्चमर्यादा.

वाचकहो, हा आकडा पुन्हा वाचा. दिवसाला सात हजार! २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याने पेरून, निंदून, फवारून, पावसापासून वाचवून काढलेले एक क्विंटल सोयाबीन पोराने एका दिवसात उडवले, तरी कंपनीच्या लेखी ते मर्यादेतच राहते, आणि वर दीड हजाराची सवलत शिल्लक. ही मर्यादा कोणत्या घराकडे पाहून ठरवली, हे मला कळलेले नाही. तीन तासांचेही तसेच. शाळा, क्लास, जेवण वजा जाता पोराच्या दिवसात मोकळे असे तीन तास उरतात कुठे? मर्यादा म्हणून जे सांगितले ते सगळेच्या सगळे देऊन टाकल्यासारखे आहे.

आणि तो ओटीपी! मुंबई-बंगळूरच्या कचेरीत बसून ज्यांनी ही युक्ती काढली, त्यांच्या घरी माणशी एक फोन असणार. इकडे घरात एकच चांगला फोन असतो, तो बापाचा. आणि संध्याकाळी तो पोराच्या हातात असतो. पालकांची संमती विचारणारा तो संदेश त्या पोराच्याच तळहातावर येऊन पडतो. पोरगे आज्ञाधारक असल्यामुळे बापाच्या वतीने लगेच संमती देते. जिथे वय विचारतात तिथे १९८४ साल टाकायलाही त्याला कोणी शिकवावे लागत नाही. जन्मतारखेचे चाक जोरात फिरवले की झाले.

पडद्यावर आपोआप येणाऱ्या जाहिरातींविषयी मी वेगळे बोलत नाही. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेल्या आपल्या राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा डाव दिसला, तेव्हा आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. त्यावर पुष्कळ लोक हसले. मी त्यांचे म्हणणे खरे धरून चालतो. अनुभवी मंत्र्याला जी फुली चटकन सापडत नाही, ती नऊ वर्षांच्या पोरीला सापडावी अशी अपेक्षा आहे तर!

लोक स्वस्थ बसलेले नाहीत. सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव घ्या. १४ ऑगस्ट २०२२ ला गावाची सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. सरपंच विजय मोहिते यांची ही कल्पना आधी पुरुषांनी हसण्यावारी नेली, बायांनी उचलून धरली. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्शी गावाने त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्रामसभा भरवून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदच केला, दंडही ठेवला. बान्शीचा उपाय मला जरा आडदांड वाटतो, कारण कोरोनाच्या दोन वर्षांत याच मोबाईलवर आम्ही मास्तरांनी या मुलांना शिकवले. पण त्या ग्रामसभेची तळमळ खोटी म्हणण्याची माझी बिशाद नाही.

मला चीड येते ती निराळ्याच गोष्टीची. भोंगा गावाने वाजवायचा, पहारा आईने करायचा, ग्रामसभा सरपंचाने भरवायची, समुपदेशन मास्तरने करायचे; आणि ज्याच्या कारखान्यात हा खेळ बनला तो मात्र सातच्या ठोक्याला डबल बक्षीस लावून बसलेला! गावाच्या वेशीवर भोंगा आणि घरात त्याचा ढोल. हा सामना बरोबरीचा नाही.

सरकारांनी दांडगाई करून पाहिली आहे. चीनने सप्टेंबर २०२१ पासून मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ असा एकच तास दिला. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला आणि २०२२ उजाडताच तो मोडीतही काढला. पोलिसाने झोपवलेले मूल फार दिवस झोपत नाही, एवढेच त्यातून दिसते. आणि सरसकट ‘व्यसन, व्यसन’ म्हणून ओरडण्यातही अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची आजारांच्या यादीत नोंद केली, ती यादी २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. पण तिथेही ताबा सुटणे, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर टिकणे, इतके सारे पाहावे असे म्हटले आहे. तासभर लुडो खेळणाऱ्या पोराला रोगी ठरवणारे शहाणे त्या यादीत बसत नाहीत.

तर मग गेमवाल्यांनी करावे काय? त्यांना जमते, हे त्यांच्याच घरातल्या गोष्टीवरून सांगतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या ब्लिझर्ड कंपनीने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा खेळ काढला. तो चाचणीत असताना त्यांनी नियम ठेवला होता की फार वेळ खेळणाऱ्याला पुढे निम्मेच गुण मिळतील. हेतू चांगला, पण खेळणारे खवळले. ही शिक्षा कशाला? तेव्हा कंपनीने आकडे तेच ठेवून नावे बदलली. नेहमीचे गुण ते नेहमीचे. आणि जो खेळ सोडून गेला, ज्याने आपला गडी धर्मशाळेत निजवून ठेवला, त्याला परतल्यावर काही काळ दुप्पट. तेच गणित, पण आता विश्रांतीचे बक्षीस झाले! लोक खूश. माणसाचे मन इतके नेमके ओळखणाऱ्यांना पोराला ताटावर कसे पाठवावे हे समजत नाही, हे मी कसे मानू? सात दिवस सलग आल्याबद्दल जो हार घालता, तोच सहा दिवस खेळून सातव्या दिवशी न येणाऱ्याला घाला.

जपानच्या निन्टेन्डोने २०१७ मध्ये आपल्या स्विच या यंत्राबरोबर आईबापांच्या फोनसाठी एक सोय दिली. मूल किती वेळ काय खेळले ते त्यात दिसते. ठरलेली वेळ झाली की पडद्यावर सूचना येते, आणि आईबापांची इच्छा असेल तर खेळ थांबतो. पण तिथेही दोन यंत्रे लागतात, एक मुलाचे, एक आईचे. एका फोनच्या घराचा विचार आपल्या माणसांनीच करायला हवा.

आणि आपली माणसे या धंद्यात आहेत. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ काढला, आणि २०२० च्या टाळेबंदीत तो देशभर घरोघरी गेला. आपल्या पचिसीवरूनच इंग्रजांनी लुडो घेतला, तो असा परत आला. एकच फोन चौघांत फिरवून खेळण्याची सोय त्यात आहे. आजी, सून, नातू एका सतरंजीवर येतात, आणि चौघांच्या सोंगट्या घरात गेल्या की डाव संपतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ केला. डोंबाऱ्याच्या खेळातली एक पोर, तिचा भाऊ गोलू राक्षसांनी पळवलेला, आणि दुर्गेच्या वराने ती त्याला शोधायला निघालेली. पाच-सहा तासांत गोष्ट पुरी होते. कादंबरीकाराच्या नजरेने सांगतो, आरंभ आहे, मध्य आहे, शेवट आहे! हजेरीचा जाच नाही, पेटी नाही. पण ‘राजी’ विकत घ्यावा लागतो, आणि आला तेव्हा त्याला यंत्रही भारी लागत होते. इथेच खरी मेख आहे. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत त्याच्या पोराला शेवट असलेला खेळ मिळतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला फुकटचा मिळतो, आणि फुकटच्या खेळात शेवट विकून टाकलेला असतो. मंगरूळच्या पोराने जन्मभर फुकटचाच गळ गिळायचा काय?

‘पण धंदा कसा चालेल?’ हा त्यांचा हुकमी एक्का. गावातला किराणा दुकानदारही धंदाच करतो. पण पोरगे बापाच्या खिशातली पाचशेची नोट घेऊन आले तर तो गोळ्या देत नाही, घरी निरोप पाठवतो. ‘फोर्टनाइट’ खेळाच्या एपिक कंपनीने असा निरोप पाठवला नाही. मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल आणि फसव्या बटणांनी नको असलेली खरेदी करायला लावल्याबद्दल अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने तिला डिसेंबर २०२२ मध्ये धरले. दंड आणि परतावा मिळून ५२ कोटी डॉलर कबूल करावे लागले. कंपनी बुडाली नाही. म्हणजे सचोटीने वागूनही ती बुडाली नसती.

माझे मागणे पुण्या-मुंबईच्या त्या हुशार पोरापोरींकडे आहे, ज्यांतले कित्येक आमच्यासारख्याच गावांतून शिकून तिकडे गेले आहेत. आईबापांसाठीची पाने मराठीत लिहा, आणि अशी लिहा की ओटीपी न लागता आईने दिवसा एकदा चार आकडी कुलूप घातले की पुरे. हिऱ्यांच्या शेजारी रुपये छापा, मोठ्या अक्षरांत. मुलांना नशिबाची पेटी विकू नका. रात्री नऊनंतर त्यांना हाका मारू नका. तीन-चार डाव झाले की खेळानेच सांगावे, आजचा पट गुंडाळला.

आणि तो भोंगा. दिवाळी आली की तुमच्या खेळांत बरोब्बर आकाशकंदील लागतात, फटाके उडतात, लक्ष्मीपूजनाची खास भेट मिळते. म्हणजे आमचे पंचांग तुमच्या यंत्रात आधीच भरलेले आहे. त्यात संध्याकाळचे सात ते साडेआठ ही वेळ घालायची, त्या वेळात मुलांच्या खेळात बक्षीस नाही, क्रमवारी नाही, उठणाऱ्याला दंड नाही, एवढेच करायचे. याला किती दिवस लागतील ते तुमच्यापैकी कोणी तरी मला कळवावे. मी पुढच्या दिवाळी अंकापर्यंत वाट पाहीन. पत्ता संपादकांकडे आहे.